दिलं नाही, लावलं

आमच्या घरात तिला थोरली म्हणतात आणि मला धाकटी. आम्ही सख्ख्या जावा, आणि कामालाही एकाच लाँड्रीत. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे टेम्पो भरभरून येतात. मी घड्यांच्या टेबलावर, थोरली मोठ्या रोलरवर. ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये सरकवायची, पलीकडून ती कोरडी ठणठणीत निघते. रोलरच्या तोंडाशी जाळी असते. हात फार पुढे गेला तर आधी जाळीला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं.

सुपरवायझरला पाठीमागे आम्ही 'कडक' म्हणायचो, कारण त्याच्या हातरुमालालासुद्धा इस्त्रीची धार असे. काम तुंबलं की तो म्हणायचा, "जाळी काढा. सारखं मशीन थांबतंय." कुणी कां-कू केलं तर, "मग उद्यापासून घरी बसा."

अशाच एका दुपारी थोरलीचा डावा हात आत गेला. ती किंचाळली ते मला आठवत नाही, चादर करपल्याचा वास मात्र आठवतो. बोटं वाचली, पण दोन बोटं अजूनही पुरती मिटत नाहीत.

अपघाताचा फॉर्म इंग्रजीतून भरायचा होता, कारण वरच्या ऑफिसात मराठी कुणाला येत नव्हतं. थोरली दहावी झालेली. म्हणाली, माझा फॉर्म मीच लिहीन. पट्टी बांधलेल्या हाताने कागद दाबून तिने तीन ओळी लिहिल्या आणि चौथीला अडली. 'सुपरवायझरने जाळी काढायला लावली' हे लिहायचं होतं. 'लावली'ला शब्द सापडेना. कडक शेजारीच उभा होता, चेहऱ्यावर अगदी माया.

"लेट लिहा ना, बाई. सुपरवायझर लेट मी रिमूव्ह द गार्ड. झालं."

तिने लिहिलं. वर त्याला थँक्यूही म्हणाली.

महिन्याभराने पत्र आलं. चूक थोरलीची ठरली, तिला रोलरवरून काढून मळक्या चादरी निवडायला बसवलं. रक्त, ओकारी, काय काय असतं त्या चादरींवर. आणि त्या दिवसापासून कडक तिला रोज सकाळी हाक मारू लागला, "आल्या का आमच्या लेट मॅडम!" ती तर कधीच उशिरा यायची नाही. आम्हाला काही कळेना, पण तो हसायचा म्हणून दोघीतिघी हसायच्या. एकदा मीही हसले.

थोरलीला ते हसणं झोंबलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक निवृत्त टायपिस्ट बाई संध्याकाळी इंग्रजी शिकवायच्या. थोरली फॉर्मची नक्कल घेऊन तिथे गेली. मी सोबत होते. बाईंनी चष्मा वर सरकवून कागद वाचला.

"म्हणजे तुम्ही परवानगी मागितलीत आणि त्याने दिली?"

"मी मागितली?"

"लेट म्हणजे करू देणं. त्याने तुम्हाला जाळी काढू दिली, असं लिहिलंय तुम्ही."

थोरलीने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "करायला लावणं, याला काय म्हणतात?"

"मेक. झालेल्या गोष्टीला मेड."

"मला तेवढंच शिकवा."

बाई हसल्या, पण थोरली हसली नाही. तिने डूख धरला होता.

चार महिने आमच्या घरात 'मेक' शिजत होतं. कांदा चिरताना, "ओनियन्स मेक मी क्राय." पोरं अभ्यासाला बसली की, "आय मेक देम स्टडी." एकदा सासूबाईंकडे बघून, "शी मेक्स मी लाफ."

"माझ्याबद्दल काय बोलतेस गं?"

"तुम्ही मला हसवता, असं म्हणतेय."

"मग म्हण," सासूबाई म्हणाल्या.

सुरुवातीला ती मध्येच 'टू' घुसडायची, 'मेक मी टू क्राय'. बाई दर वेळी लाल शाईने तो खोडायच्या. 'रडणं'चं 'रडवणं' होतं तसंच हे, मध्ये काही नको, असं त्यांनी समजावलं. मग 'मला करायला लावलं गेलं' असं उलटं वाक्य आलं, आणि तिथे तोच 'टू' लागतो म्हणे! थोरली चिडली, पण पाठ केलं. 'मेड' म्हणताना तिचा जबडा असा आवळायचा की मला कडकची नाही, तिचीच भीती वाटायची.

एका संध्याकाळी तिने वहीत लिहून नेलं, 'त्याने मला तो शब्द लिहायला लावला.' बाईंनी पेन खाली ठेवलं.

"लावला? की सांगितला?"

"सांगितला."

"मग टोल्ड म्हणा. मेडला जबरदस्ती लागते."

थोरलीने मुकाट्याने ओळ खोडली.

जेवणाच्या सुट्टीत तिने रोलरवरच्या सहाजणींना हाताशी धरलं. प्रत्येकीला एकच वाक्य, जिला ज्या दिवशी जाळी काढायला लावली त्या तारखेसकट. 'ही मेड मी वर्क विदाउट द गार्ड.' एकीची जीभ 'विदाउट'वर आपटायची, तिला रोज शंभरदा म्हणायला लावलं. कडकला मात्र ताकास तूर लागू दिली नाही. तो "लेट मॅडम" म्हणाला की थोरली मान खाली घालायची. मला राग यायचा. ती म्हणायची, "हसू दे त्याला. किती दिवस हसणारेय?"

वर्षातून एकदा विमा कंपनीची अधिकारी बाई तपासणीला यायची. तिला मराठीचा गंध नव्हता, त्यामुळे ती विचारायची कडकला, कडक आम्हाला, आणि आमचं तोच तिला सांगायचा. त्या दिवशी तिने रोलरकडे बोट दाखवून काही विचारलं. कडक आमच्याकडे वळला.

"मॅडम विचारतायत, जाळी साफ ठेवता ना? हो म्हणा सगळ्याजणी."

कुणीच हो म्हणालं नाही.

मळक्या चादरींच्या ढिगामागून थोरली उठली. हात पुसले, पुढे आली आणि इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, यांनी तुमचा प्रश्न बदलला. जाळी कोण काढतं, असं विचारलंत तुम्ही. हे काढायला लावतात. ही मेक्स अस."

मग सहाजणी एकेक करून बोलल्या, तारखा सांगत. सातवी थोरली. "ही डिड नॉट लेट मी. ही मेड मी." तिने डावा हात त्या बाईसमोर धरला.

अधिकारी बाईने फॉर्म मागवला, ओळ वाचली, भुवया उंचावल्या. कडकचं तोंड पांढरं पडलं होतं. तो घाईघाईने म्हणाला की हे तर यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय.

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्यावरून नजर न काढता तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "ही मेड मी राइट इट."

मी दचकले. वहीत खोडलेली ती ओळ मी पाहिली होती. कडकलाही ते खोटं कळलं. त्याने तोंड उघडलं, पण जाळीचं सगळं खरं निघाल्यावर एवढ्या एका शब्दावर त्याचं ऐकणार कोण?

तीन आठवड्यांत त्याला काढलं. फाटकापर्यंत सोडायला कुणी गेलं नाही. थोरली गेली. फाटकाशी उभी राहून तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

घरी जाताना मी न राहवून विचारलं, "ताई, त्याने लिहायला कुठे लावलं होतं? नुसतं सांगितलं होतं ना?"

"व्याकरण चुकलं का माझं?"

"व्याकरण नाही."

"मग झालं तर."

ती पुन्हा रोलरवर गेली. आता जाळी कायमची बोल्टांनी बसवलेली आहे. वाचनालयात मात्र ती परत गेली नाही. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, पुढचा धडा घ्यायला या म्हणून. दुसऱ्या निरोपाच्या दिवशी ती ओट्याशी भांडी विसळत होती. म्हणाली, "तूच जा आणि सांग, मी बरी आहे. त्या विचारतील मला, मी काय बोलले ते. आणि त्यांच्याशी मला खोटं बोलता येणार नाही."