हॉलिससाहेबांना पाठवलेली लग्नपत्रिका

अमेरिकन वकिलातींवर पहारा देणाऱ्या मरीन सैनिकांचा इतिहास मला तोंडपाठ आहे. अमेरिकेत ॲशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये कूलिंग आणि जनरेटर सांभाळणाऱ्या पुणेकराला तो पाठ असायचं काही कारण नाही. पण माझा मुलगा शंतनू त्यांच्यातला एक होता, आणि मला एखाद्या गोष्टीची भीती वाटायला लागली की मी तिची फाइल करतो. निळी, जाड फाइल. अजून कपाटात वरच्या फळीवर आहे.

१९४९च्या जानेवारीत पहिले पहारेकरी टँजियर आणि बँकॉकला गेले, इथून ती सुरू होते. सायगावचं पान आहे, १९७५चं. शेवटचे मरीन वकिलातीच्या छपरावरून हेलिकॉप्टरने निघाले, त्याच्या आदल्या दिवशी दोघं विमानतळावरच्या रॉकेट हल्ल्यात मेले. मग तेहरान, बैरुत, नैरोबी. प्रत्येक पानावर मी पेन्सिलीने तारीख, शहर आणि किती मरीन मेले ते लिहीत असे. पन्नासहून जास्त वर्षं, शंभराहून जास्त शहरं, आणि गेलेले इतके थोडे की मी खूश झालो होतो. दुसऱ्यांची पोरं मोजून मी खूश झालो होतो, हे आता लिहिताना माझी मलाच किळस येते.

२००१ साली पेंटॅगॉनवर आदळलेलं विमान आमच्या शेजारच्या डलेस विमानतळावरून उडालं होतं. शंतनू तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. दोन महिन्यांनी तो कॉलेज सोडून मरीन्समध्ये भरती झाला. सही आधी केली, आम्हाला नंतर सांगितलं. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही आणि सुनेत्रा, माझी बायको, आठ दिवस नुसती रडली. वर्षभराने त्याची वकिलातीच्या पहाऱ्यासाठी निवड झाली, तेव्हा कुठे आमच्या घरात पुन्हा नीट स्वयंपाक व्हायला लागला.

"रिलॅक्स, बाबा," तो म्हणाला. "जाड काचेच्या मागे बसायचं, आयडी चेक करायचे, दाराचं बटण दाबायचं. मेनली पेपर्स गार्ड करतो आम्ही."

"म्हणजे वॉचमनच की रे!" इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला अनिल म्हणाला. अनिल म्हणजे आमच्या समोरच्या टाउनहाउसमधला. मी म्हटलं, "हो, पण साता समुद्रापलीकडचा." सगळे हसले, मीसुद्धा. देश युरोपातला होता, छोटा आणि थंड. त्याचं नाव मी सांगत नाही. तिथे काहीच घडत नसे, तेच तर मला हवं होतं. शंतनूचा करार नोव्हेंबर २००५ला संपणार होता. तोवर त्याने त्या काचेमागे बसून दिवस काढावेत, याखेरीज देवाकडे मी काही मागत नव्हतो.

या कामाला एक अट असते. सार्जंट आणि त्याखालच्या पहारेकऱ्यांनी अविवाहित असलं पाहिजे. लग्न केलं की वकिलातीतून उचलून परत पलटणीत. २००३ साली पलटणीत जाणं म्हणजे इराकला जाणं. ही अट माझ्या फाइलीत होती, आणि मीच तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

प्रीता आणि शंतनू मंडळाच्या गणपतीत एकत्र नाचत मोठी झाली आणि पुढे त्यांचं जमलं. तिला शंतनूच्या वकिलातीच्या शहरातच एका शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली, ऑगस्टपासून जूनपर्यंतची. तिच्या आईवडिलांनी सांगितलं, लग्नाशिवाय पाठवणार नाही. त्यात तिचे आजोबा, जगन्नाथराव, नागपूरहून आलेले. त्यांनी पंचांग काढलं. जुलैअखेर सिंहस्थ लागतोय, मग वर्षभर कार्य नाही! मी सिंहस्थाला हसलो. पण सुनेत्रा हसली नाही. तिला वाटत होतं, लग्न झालं की पोरगा घराकडे वळेल.

मग सगळ्यांनी मिळून एक तोड काढली, आणि ती मला फार हुशारीची वाटली. देवळाच्या हॉलमध्ये भटजी, मंगलाष्टकं, सप्तपदी, सगळं करायचं. मात्र कोर्टाचं लायसन्स काढायचं नाही. कायद्याने लग्न झालंच नाही. तिकडे प्रीताने वेगळी खोली घ्यायची आणि विचारलं तर 'फ्रेंड' म्हणायचं. करार संपला की कोर्टात जाऊन सही करायची.

शंतनूने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ओके. पण बाबा, माझ्या वर्कमधलं कुणी नको. नोबडी. त्यांना कळताच कामा नये. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर ते माझ्या मनाला लागलं.

का लागलं, ते मला सांगितलंच पाहिजे. मला वाटलं, पोराला आमची लाज वाटते. त्याच्या त्या गोऱ्या, ताठ साहेबांना आपला बाप उपरणं-टोपीत, आई नऊवारीत दिसायला नको आहे. नियमाचं निमित्त आहे, खरी गोष्ट ही आहे. हे मी एकदा ठरवलं आणि दिवसभर उगाळत बसलो. मी असाच आहे. मला राग एकदम येत नाही, तो दुधासारखा हळूहळू तापतो आणि नेमका लक्ष नसताना उतू जातो.

आमच्या घरची रीत अशी, पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची आणि दुसरी साहेबांना द्यायची. माझ्या लग्नाची दुसरी पत्रिका मी पिंपरीच्या कारखान्यात मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली होती. ते सहकुटुंब आले होते, जिलब्या खाऊन गेले होते. तिकडच्या वकिलातीत शंतनूच्या तुकडीचे मुख्य होते गनरी सार्जंट हॉलिस, शंतनू त्यांना 'गनी' म्हणायचा. त्यांचा पत्ता माझ्या फाइलीत होता. आणि डोकं तर माझं पुणेरी. कायद्याने लग्नच नाही, मग लपवायचं काय? हा आमचा घरगुती धार्मिक समारंभ आहे. लपवलं तर उलट संशय येईल.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, एका शनिवारी सकाळी, मी पाकिटावर छान अक्षरात नाव घातलं. आत गणपतीचं चित्र असलेली पत्रिका, आणि सोबत इंग्रजीत चार ओळी, आपण आलात तर आमचा सन्मान होईल म्हणून. दारासमोरच्या मेलबॉक्समध्ये पाकीट ठेवलं आणि पोस्टमनने ते न्यावं म्हणून पेटीची लाल पट्टी वर केली. सुनेत्रा साड्या घ्यायला गेली होती. पोस्टमन दोन वाजता येतो. अकरा ते दोन मी खिडकीतून ती लाल पट्टी बघत होतो. दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. मग पोस्टमन आला आणि त्याने पट्टी खाली केली.

बावीस जूनला लग्न झालं. हॉलिसांकडून काही उत्तर नव्हतं. शंतनू रजा संपवून परत गेला, ऑगस्टमध्ये प्रीताही गेली. मी सुटलो असं समजलो. पत्रिका वाटेत हरवली असावी, बरं झालं, असं मनाशी म्हणून मी ते पान मिटवूनही टाकलं.

ती हरवली नव्हती. वकिलातींचं टपाल, देश कुठलाही असो, आधी आमच्याच डलेसला येतं. २००१च्या शेवटी पाकिटांतून विषारी पूड आली होती, तेव्हापासून त्यावर किरणं सोडून तपासणी चालायची आणि टपाल महिनोन्‌महिने तुंबायचं. माझं पाकीट उन्हाळाभर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर पडून होतं.

सप्टेंबरात शंतनूचा फोन आला, माझ्या ऑफिसात.

"बाबा, कार्ड पोचलं."

मी ऑफिसचं दार ढकलून बंद केलं.

"गनीने मला ऑफिसमध्ये बोलावलं. टेबलावर तुमचं कार्ड. रेडिएशनने पिवळं पडलेलं, हात लावला की तुकडे पडत होते. त्याने विचारलं, आर यू मॅरिड, येस ऑर नो?"

"अरे, मग सांगायचं ना, लायसन्स नाही! कायद्याने..."

"ही वॉज वेटिंग फॉर दॅट, बाबा. मी नो म्हणावं म्हणूनच थांबला होता तो. चांगला माणूस आहे. पण प्रीता दोन ब्लॉकवर राहते. सकाळीच तिच्याकडे चहा पिऊन आलो होतो. तिच्याबद्दल नो कसं म्हणू?" मग म्हणाला, "आय सेड येस."

"शंतनू, मी..."

"इट्स ओके. फक्त आईला सांगू नका कार्डचं. शी विल नेव्हर फरगिव्ह यू."

त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर फार बरं झालं असतं.

पंधरा दिवसांत त्याला तिथून काढून नॉर्थ कॅरोलायनाच्या पलटणीत पाठवलं. सुनेत्राने विचारलं, "त्यांना कळलं कसं?" मी म्हटलं, "तिकडे कुणीतरी बोललं असेल." एवढंच बोललो मी. पुढचं तिने स्वतः जोडलं. "दुसरं कोण बोलणार? प्रीताच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, लहानपणापासून." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

नाताळात दोघं चार दिवसांसाठी ॲशबर्नला आली. प्रीताची शाळा जूनपर्यंत होती, ती सोडता येत नव्हती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून सही उरकून घेऊ असं ठरलं, पण ते चार दिवस गुरुवार ते रविवार निघाले, आणि नाताळच्या सुट्टीमुळे कोर्ट शुक्रवारीही बंद. "समरमध्ये परत आलो की पहिलं काम," शंतनू म्हणाला. त्या चार दिवसांत सुनेत्रा प्रीताशी फक्त जेवायला वाढण्यापुरतं बोलली. प्रीताला सगळं माहीत होतं, शंतनूने तिला सांगितलं होतं. एकदा तिने माझ्याकडे बघितलं. मी उठून पाणी प्यायला गेलो.

फेब्रुवारीत तो इराकला गेला. एप्रिलच्या तेराव्या दिवशी, दुपारी चारला, दोन मरीन आमच्या दाराशी आले. गणवेशाची बटणं चकाकत होती. सुनेत्राने दार उघडलं, आणि ते काही बोलायच्या आत लावून घेतलं.

कागदपत्रांसाठी आलेला अधिकारी तरुण होता, हळू बोलत होता. त्याने विचारलं, "पत्नी?" मी तोंड उघडलं. सुनेत्रा म्हणाली, "नो. सिंगल." अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. लग्नाची सरकारी नोंद कुठेही नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं. माझीच हुशारी. मी मान खाली घातली आणि त्याने फॉर्मवर खूण केली. ज्याला विवाहित म्हणून इराकला जावं लागलं, तो मेला तेव्हा अविवाहित ठरला. अंत्यसंस्काराच्या वेळी घडी घातलेला झेंडा सुनेत्राच्या हातात दिला गेला. प्रीता तिसऱ्या रांगेत, शेजाऱ्यांच्यात बसली होती. बाहेर वही ठेवलेली होती, त्यात येणाऱ्यांनी नाव आणि नातं लिहायचं होतं. तिने 'फ्रेंड' लिहिलं. ते पान मी पाहिलं आहे.

त्याला आता चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात प्रीता आली. तिला रेडमंडला नोकरी मिळाली आहे, देशाच्या दुसऱ्या टोकाला. रविवारची सकाळ होती. सुनेत्राने वरून गाडी पाहिली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

प्रीता सोफ्याच्या कडेवर बसली. लग्नानंतर ती आम्हाला आई-बाबा म्हणायची. आता म्हणाली, "काका, चहा नको. मी पाच मिनिटंच आलेय." तिने पर्समधून एक लहान लाल डबी काढून टेबलावर ठेवली. आत मंगळसूत्र होतं. ते माझ्या आईचं, सुनेत्राने लग्नात तिला दिलेलं.

"हे मावशींचं आहे. माझ्याकडे राहणं बरोबर नाही."

"तुझंच आहे ते," मी म्हटलं.

"नाही ना, काका. कुठल्याच पेपरवर नाही." ती रडली नाही. "मला काही नको. फक्त मावशींना एकदा सांगा, मी नाही बोलले. दॅट्स ऑल. मी खूपदा फोन केला, त्या ठेवून देतात. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी तुमच्यावर ढकलतेय. शंतनू म्हणाला होता सांगू नको, म्हणून मी फोर इयर्स गप्प आहे. पण आता जातेय, काका. प्लीज."

"सांगतो," मी म्हटलं. "आजच सांगतो."

मी खरंच सांगणार होतो. तिची गाडी वळेपर्यंत मी दारात उभा होतो, आणि वाक्यं जुळवत होतो. अकरा ते दोन. लाल पट्टी. कार्ड मी टाकलं, सुनेत्रा, मी. आत आलो तर सुनेत्रा खाली आलेली होती. तिच्या हातात ती डबी होती, उघडी. केस विस्कटलेले, चार वर्षांत पार पांढरे झालेले.

"परत केलं?" ती म्हणाली.

"हो."

"एवढा वेळ काय बोलत होती?" तिने डबी मिटली आणि घट्ट धरली. "आज तरी कबूल केलं का तिने? तिनेच सांगितलं होतं ना तिकडे?"

माझं सगळं वाक्य तयार होतं. मी तिच्या हातांकडे बघितलं. आता या घरात आम्ही दोघंच, आणि तिला माझ्याशिवाय कुणी नाही, मला तिच्याशिवाय कुणी नाही.

"हो," मी म्हटलं. "तिनेच."