पाठ करून घेतलेली पाच चित्रं

बालवर्गाच्या बाईंनी आयुष्यात लबाडी अशी एकदाच केली, आणि तीही मुलांच्या मायेपोटी. माणसाची बुद्धी मोठी चतुर. वाकड्या वाटेला लागताना ती चांगुलपणाचा अंगरखा घालूनच निघते.

झालं असं, की चार देशांतल्या अभ्यासकांनी मिळून लहान मुलांची पाहणी काढली. चारही देशांत चाचणी एकच. अभ्यासक ताईंनी मुलाच्या पाठीमागे उभं राहायचं, खांद्याला हात लावायचा, हळू आवाजात एक शब्द म्हणायचा. मुलानं समोरचं ते चित्र उचलायचं. चेंडू, मासा, कप, झाड, घोडा.

ही यादी बाईंच्या हाती आठवडाभर आधी पडली. परक्यांपुढे आपलीच पोरं का म्हणून मागं पडावीत? बाईंनी रोज चित्रं दाखवून तोच क्रम घोटून घेतला.

"डॉक्टर यायच्या आधीच ताप उतरवून ठेवताय होय?" मदतनीस मावशींनी टोमणा मारला. बाई नुसत्या हसल्या.

वर्गातली सगळ्यात अबोल पोर म्हणजे ठकी. तिनंही पाचपैकी पाच बरोबर उचलली. बाईंना कोण आनंद झाला.

पुढच्या वर्षी ताई पुन्हा आल्या, या खेपेला क्रम बदलून. त्या म्हणाल्या, "झाड." ठकीनं चेंडू उचलला. "कप." ठकीनं मासा उचलला. खांद्याला हात लागला की पुढचं चित्र, अगदी ठामपणे. पाचवं उचलून तिनं शाबासकीसाठी बाईंकडे पाहिलं. ताईंनी तिच्या मागे टाळी वाजवली. ठकी वळली नाही.

"गेल्या वर्षी हिची सगळी बरोबर होती," ताई म्हणाल्या.

"मी पाठ करून घेतली होती."

"बाई, हा हुशारीचा पेपर नव्हता हो. ज्यांना नीट ऐकू येत नाही, ती मुलं शोधायची होती. चार देशांत मिळून एकोणीस सापडली. वर्षभर कानाला यंत्र लावून आता बोलायला लागलीत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हिच्या आईला मी सांगते."

"नको. माझं मीच सांगते."

आई बेकरीतून तशीच आली, कोपरापर्यंत पीठ. बाईंनी काही लपवलं नाही. रोज देवाचं नाव घेणाऱ्या त्या तोंडाला 'चुकले' हा एक शब्द मात्र फार जड गेला.

"म्हणजे मी हाका मारायचे, त्या हिला...?"

"बऱ्याचशा ऐकूच गेल्या नसतील."

"तुम्हीच म्हणाला होतात, बाई. वर्गात शहाण्यासारखी ऐकते, घरीच हट्ट करत असेल, जरा धाक ठेवा." आईनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "दोनदा खोलीत कोंडलं मी हिला."

मागच्या वर्षीचे आपल्या वर्गाचे आकडे चारही देशांच्या तक्त्यांतून काढून टाका, असं बाईंनी ताईंना आधीच सांगितलं होतं. आकडे तेवढे निघणार होते.

आई लेकीसमोर उकिडवी बसली आणि काहीतरी पुटपुटली. ठकी टक लावून तिच्या ओठांकडे बघत होती. वर्गातही ती अशीच बाईंच्या ओठांकडे बघायची. आणि बाई मनात म्हणायच्या, पोर किती लक्ष देऊन ऐकते.