ख्लाय आजोबांच्या हातचं पाणी

मी एक जुना शंख आहे, आणि माझं बोलणं कोणी खरं मानणार नाही. पण आता मला कानाला लावलंच आहे, तर ऐका. मित्रांनो, पाक फनांगच्या खाडीत मी जन्मलो तेव्हा इतका मोठा होतो, की भरती मला विचारून आत यायची. पुढे एका सोनाराने घासून घासून मला हातात मावेल एवढा केला आणि काठाला चांदी बसवली.

तेव्हापासून माझं काम एकच. लग्नात थोरांनी मला उचलायचं आणि जोडप्याच्या जोडलेल्या हातांवर पाणी सोडायचं. एकदा माझं पाणी पडताच मुक्या नवऱ्याला गाणं फुटलं. त्याची बायको ते अजून सोसते आहे.

मग लोक शहरातल्या हॉटेलांत लग्नं करू लागले. माझ्यावर धूळ बसली. लमोमने मला विकत घेतलं आणि दुकानात फळीवर ठेवलं. लमोम आणि उबोन दोघी तिथे तांदळाच्या शेवया आणि माशाची आमटी विकत. केस पिकेपर्यंत त्या एका घरात, एका मच्छरदाणीत राहिल्या होत्या. लमोम मला रोज पुसायची. का, ते गावाला ठाऊक होतं.

एकदा लमोमच्या पोटाचं ऑपरेशन करायची वेळ आली. सही करायला उबोन पुढे झाली, तर दवाखान्यात तिला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" लमोमचे वडील, ख्लाय आजोबा, होडीने येईपर्यंत लमोम कण्हत पडून राहिली. तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला. उबोनशी लग्न करायचं, तेही वडिलांच्या हातच्या पाण्याने.

दोन बायकांनाही आपसात लग्न करता यावं, अशा कायद्याची संसदेत चर्चा सुरू झाली, तशी दुकानातही.

"नवरा उजवीकडे बसतो," न्हावी म्हणाला. "तुमच्यात नवरा कोण?"

"नवरा नाही, म्हणून तर घर टिकलं," लमोम म्हणाली. "तू आमटी खा."

ख्लाय आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "होऊ दे कायदा, पोरी. मग शंख मी उचलतो." आणि हसले. कायदा होणारच नाही, याची त्यांना खात्री होती.

कायदा झाला, मित्रांनो. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून आले. दोघी शेजारी बसल्या. उजवी बाजू लमोमने घेतली, कारण तिकडे तिला दुखरा गुडघा पसरता येत होता. आजोबांनी मला इतकं काठोकाठ भरलं होतं की अर्धं पाणी माझ्या काठावरूनच सांडलं. "लेकी, उशीर केला मी," ते म्हणाले. त्यांनी आधी लमोमच्या हातांवर पाणी सोडलं, मग उबोनच्या. म्हणून सांगतो, जुन्या वस्तूंना जपा. कोणाच्या तरी सुखासाठी त्या...

"खोटं," उबोन म्हणाली. तिने मला तुमच्या हातून घेऊन कधी कानाला लावलं, ते मला कळलंच नाही.

"पोरांना असलं काही सांगू नकोस. कायदा लागू झाला, तेव्हा लमोमला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या बाबांनी तुला उचललं, ते तिच्या अंत्यविधीला, मेलेल्याच्या हातावर शेवटचं पाणी घालतात तेव्हा. चादरीबाहेर तिचा एकच हात काढला होता. आधी घरच्यांनी त्यावर पाणी घातलं. मी मागे होते, शेजाऱ्यांच्या रांगेत."