पश्चिमेची काच

दुपारी दीड वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डातला एसी बंद पडला आणि मी आधी घड्याळ पाहिलं. बाकीचे नुसते वैतागले. ऊन तीन वाजता पश्चिमेच्या या काचेवर येतं आणि सहा वाजेपर्यंत हटत नाही, हे त्या वॉर्डात फक्त मला माहीत होतं. माहीत असणारच, उन्हाचा तो तक्ता दहा वर्षांपूर्वी, नकाशे आखताना, मीच काढला होता. हे हॉस्पिटल मी बांधलेलं आहे.

'मी बांधलं' हे आम्हा आर्किटेक्ट मंडळींचं बोलणं. विटेला बोट लागलेलं नसतं, पण सांगताना 'मी बांधलं'. जमिनीपासून छतापर्यंत सलग काच, मध्ये आडवी रेघ म्हणून नाही. तिचा फोटो एका मासिकाने मुखपृष्ठावर छापला, मला एक जड पारितोषिक मिळालं. बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा घराजवळ दुसरं हॉस्पिटल होतं. तरी मी त्यांना इथे आणलं, कारण मला मिरवायचं होतं. आता ते लपवण्यात अर्थ नाही.

बाबा सहा नंबरच्या बेडवर होते, काचेला लागून. वय अठ्ठ्याहत्तर, नाकात ऑक्सिजनची नळी, बोटाला चिमटा. उशाशी एक छोटा स्क्रीन होता आणि त्यावरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे मी तीन दिवस टक लावून बसले होते. सकाळी तो त्र्याण्णव होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की नव्वदच्या खाली जाता कामा नये, आणि यांना उकाडा सोसणार नाही, लगेच धाप वाढेल.

दोन वाजता आकडा एक्क्याण्णवावर आला.

"नवा पार्ट दुकानातून निघालाय," मेंटेनन्सचा माणूस म्हणाला. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा होता की तो चालला की आधी आवाज यायचा, मग तो. "संध्याकाळपर्यंत बसवतो."

"संध्याकाळ म्हणजे किती वाजता?"

"संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ, मॅडम."

मी सिस्टरकडे धावले. बाबांना पूर्वेच्या वॉर्डात हलवा म्हणून अक्षरशः हातापाया पडले. तिने वही उघडून दाखवली. सगळे बेड भरलेले, दोन पेशंट तर पॅसेजमध्ये. ऑक्सिजनची तोटी भिंतीत, म्हणजे पेशंट भिंतीला बांधलेला. सिलिंडर होते ते दोन, ते बाबांपेक्षा वाईट अवस्थेतल्या दोघांना लावून तिने त्यांना आधीच खाली पाठवलं होतं.

"तुमचे बाबा अजून तसे बरे आहेत," ती म्हणाली. त्या 'अजून'ने माझ्या अंगावर काटा आला.

पाच नंबरच्या बेडशी एक मावशी बसल्या होत्या. कोणाच्या मावशी होत्या देव जाणे, पण एका दिवसात त्या अख्ख्या वॉर्डाच्या मावशी झाल्या होत्या. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटाने नवऱ्याला वारा घालत होत्या, आणि दर तीन फटकाऱ्यांमागे एक फटकारा हात लांब करून माझ्या बाबांना.

"मी काय म्हणते," त्या म्हणाल्या, "ज्याने हे काचेचं खोकं बांधलं ना, त्याला आणा आणि इथे झोपवा. चांगला तळून निघू दे."

वॉर्डभर लोक हसले. मीही हसले. मिठाची गुळणी धरून बसण्यापेक्षा ते सोपं होतं. बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ऊन आलं. माझ्या तक्त्याबरहुकूम! आयुष्यात इतकं बिनचूक काम मी दुसरं केलेलं नाही. आधी फरशीवर एक पट्टी, मग बेडचे पाय, मग बाबांचे पाय. मी पडदे ओढले. दहा मिनिटांत पडदेच तापले आणि त्यांच्यामागे अडकलेली ऊब खोलीभर पसरली. काचेच्या आत पडदा लावणं म्हणजे ऊन घरात घेऊन मग दार लावणं. हे मी कॉलेजातल्या मुलांना शिकवते. शिकवते!

आकडा नव्वद. बाबांच्या गळ्याजवळचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता.

आता खरी गोष्ट सांगते, कारण तिची मला सर्वांत जास्त लाज वाटते. ती काच उघडत होती. सगळी नाही, पण छताजवळच्या पट्टीत दहा झडपा होत्या, पहिल्या नकाशात आखलेल्या, कारखान्यातून बिजागऱ्यांसकट बनून आलेल्या. बसवल्या तेव्हा मी खाली रस्त्यावर उभी राहून पाहिलं आणि मला त्या खुपल्या. माझी सलग काच तुटत होती. एसी आहेच की, असं म्हणून मी त्या काच चिकटवायचा डिंक भरून बंद करायला लावल्या आणि वर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकली. दाराच्या वरही एक झरोका होता. त्यावर वॉर्डाच्या नावाचा बोर्ड आला.

हे मला दीड वाजल्यापासून आठवत होतं. आणि तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत मी गप्प बसले. माणूस किती घाबरट असू शकतो पाहा. बाप धापा टाकतोय, आणि मी विचार करतेय की मावशींना कळलं तर काय!

आकडा एकोणनव्वद झाला आणि स्क्रीन टीटी करायला लागला. मी उठले आणि मेंटेनन्सवाल्याला पॅसेजमधून ओढून आणलं.

"ती वरची पट्टी काढा. शिडी आणा."

"ती शोची पट्टी आहे, मॅडम. मागे काही नाही."

"मागे दहा झडपा आहेत."

"सात वर्षं मी इथे आहे. ही काच उघडत नाही."

"उघडते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच बंद करायला लावल्यात. मी इथली आर्किटेक्ट आहे."

मावशींचं पाकीट हवेत थांबलं. स्क्रीन टीटी करत होता. मेंटेनन्सवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच त्याच्या घराला कुलूप घालून वर विचारतेय की दार का उघडत नाही. मग तो म्हणाला, "लिहून द्या. काच खाली गेली तर माझी नोकरी जायची."

मी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलं, "पट्टी माझ्या सांगण्यावरून काढली, जबाबदारी माझी," आणि सही केली. या इमारतीसाठी मी हजार सह्या केल्या असतील. ही त्याने नीट घडी करून खिशात ठेवली.

मी पडदे बाजूला सारले, शिडी आली. पट्टी निघाली. डिंक दगडासारखा झाला होता. सिस्टरने ऑपरेशनचं पातं आणून दिलं आणि त्याने तो कापत पहिली झडप ढकलली. ती उघडली, आणि भट्टीचं दार उघडावं तशी गरम हवा माझ्या तोंडावर आली.

आकडा सत्त्याऐंशी.

माझी पाचावर धारण बसली. मी हे काय करून ठेवलं? "बंद करा, बंद करा!" मी ओरडले. सिस्टरने ऑक्सिजन वाढवला आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.

तेवढ्यात बाबांनी चादरीवरून हात उचलला. बाबा सुतार. पन्नास वर्षं त्यांनी खिडक्या आणि दारं सोडून दुसरं काही केलं नाही. कपाट मागायला आलेल्याला ते शेजारच्या दुकानाचा पत्ता द्यायचे. मी ऑफिस थाटलं तेव्हापासून मला 'साहेब' म्हणतात, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती याचा थांगपत्ता लागू देत नाहीत.

"साहेब," ते म्हणाले. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. "वाऱ्याला... जायला जागा दिलीत. यायला?" बोट दाराच्या वर गेलं. "तिथून येऊ दे. झडपेतून जाऊ दे."

बोर्ड! मेंटेनन्सवाल्याने शिडी उचलली आणि दाराकडे नेली. चार स्क्रू निघाले, बोर्ड खाली आला आणि झरोका मोकळा झाला. पलीकडे पॅसेज आणि त्याच्या टोकाला पूर्वेचा उघडा जिना होता, दुपारभर सावलीत असलेला. तो मी उघडा ठेवला होता तो अक्कल म्हणून नव्हे, आगीच्या नियमांमुळे. आम्ही वॉर्डाचं दारही सताड उघडलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग बेडला अडकवलेले पेशंटचे कागद एकेक करून फडफडायला लागले.

"चादर," बाबा म्हणाले. "ओली. आतून नाही... बाहेरून."

बस्स, पाच शब्द. बाबा दर उन्हाळ्यात दुकानाच्या पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ओलं गोणपाट सोडायचे, आणि मैत्रिणींसमोर त्या गोणपाटाची मला लाज वाटायची.

मग एकच धांदल उडाली. सिस्टरने हिरव्या चादरींचा ढीग आणून टाकला. पेशंटच्या नातेवाइकांनी बादल्या भरल्या. मेंटेनन्सवाला शिडीवरून एकेक झडप उघडत गेला, आणि चादरीचं एक टोक बँडेजच्या पट्टीने बिजागरीला बांधून बाकीची बाहेर सोडत गेला. मी खालून पिळून पिळून चादरी देत होते. माझी साडी ओली, केस ओले, फरशीवर तळं झालं होतं. मावशी माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, पण बादली मात्र माझ्या पायाशी रिकामी कधी राहू दिली नाही.

चौथी चादर सुटली तेव्हा बाबांच्या छातीवरचं ऊन गेलं. आठवीला खोलीत हिरवी सावली पडली. सावली, माझ्या इमारतीत, पहिल्यांदाच!

डॉक्टर आले तेव्हा आकडा अठ्ठ्याऐंशी होता. त्यांनी एक इंजेक्शन दिलं, छाती ऐकली, वर फडफडणाऱ्या चादरींकडे बघितलं, आणि "हे असंच राहू दे" म्हणून पुढच्या बेडकडे गेले. मी स्टूल ओढून बसले. अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. परत अठ्ठ्याऐंशी. साडेचारला नव्वद झाला आणि मी सिस्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पाच वाजता एक्क्याण्णव.

बाबांचा श्वास जरा लांब झाला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. अंगठ्याला पटाशीचा जुना वण आहे, तिथे.

"तुम्हाला कसं कळलं दाराच्या वर झरोका आहे? बोर्ड तर तुम्ही आलात तेव्हापासून आहे."

"बघितलाय मी." ते थांबत थांबत बोलत होते. "उद्घाटनाला बोलावलं होतंस. मी आदल्या दिवशी आलो, एकटाच. दुपारी. आणि इथे फरशीवर आडवा पडलो."

"आडवे?"

"खिडकीचं माप उभ्याने घेतात का कधी? ज्याला तिच्याखाली झोपायचंय, त्याच्या जागी झोपायचं. उन्हाच्या वेळेला. मग कळतं." त्यांनी श्वास घेतला. "पंधरा मिनिटं नाही सोसलं मला. तुझी माणसं झडपांत डिंक भरत होती. झरोक्यावर बोर्ड ठोकत होती."

"मग बोलला का नाहीत, बाबा? मला सांगायचं ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. राग असता तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या दिवशी सांगायलाच आलो होतो ना, साहेब. तुझ्या जवळ येऊन म्हटलं, त्या झडपा उघड. तू म्हणालीस, बाबा, जरा बाजूला व्हा, काचेचा फोटो काढतायत."

मला ते आठवत नव्हतं. तेच सगळ्यात वाईट होतं. बाबांनी डोळे मिटले आणि माझ्या हातातला हात तसाच राहू दिला. उन्हाला अजून एक तास होता. बाबांच्या बेडजवळच्या काचेवरची चादर सुकत आली होती. मी बादली उचलली आणि शिडी चढले.