अकरावं घर

रोझाबाय गेली तेव्हा वाडीतल्या बायका मला म्हणाल्या, फिलोमेना, आता राग सोड. मी सोडणार नाही. सोडता येत नाही, ही त्यातली गोम आहे, पण त्या बायकांना ते कळायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

रोझाबाय माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही दोघी एकाच वाडीत दिल्या गेलो, तिचं घर आणि माझं घर यांच्यात तीन घरं आणि एक फणस. तिचा नवरा लवकर गेला. ती सुकी मासळी विकून राहिली, आणि तिची जीभ त्या मासळीपेक्षा खारट. माझा नवरा इनास आगबोटीवर स्वयंपाकी, वर्षातून दोन महिने घरी. आम्हांला मूल नाही. लोक म्हणायचे, मूल नाही म्हणून फिलू अशी झाली. लोकांना कारण लागतं. कारण सापडलं की ते जेवायला मोकळे.

छपन्न साली पावसात आमची आई वारली. ती पेडण्याला मामाकडे गेली होती आणि गोव्याची सरहद्द तेव्हा बंद होती. तिच्या मरणाची चिठ्ठी आमच्या हातात पडली तेव्हा तिला पुरून तीन आठवडे झाले होते. दोघी रडलो. दुसऱ्या दिवशी रोझाबाय बोंबील वाळवायला बसली. मीही कामाला लागले, आठ महिने सगळं केलं. मग सत्तावन्नच्या ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, एका सकाळी नारळ खवायला बसले आणि खवता येईना. हाताला काही झालेलं नव्हतं. अर्धी कवड हातात घेऊन मी मागच्या दारी बसले ती दुपारची घंटा होईपर्यंत. शेजारची सुगंधा कुंपणावरून म्हणाली, "वहिनी, मासे मांजरान न्हेल्यान." मी बघत होते की मांजर नेतंय. उठावंसं वाटलं नाही.

मग ते रोजचंच झालं. केस विंचरायचे राहायचे. मिसेला, म्हणजे इगर्जीतल्या रविवारच्या प्रार्थनेला, जायचे, गुडघे टेकायचे, पण तोंडात रोझारीच्या जपाचे शब्द वाळूसारखे लागायचे. कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, गेले. पाद्रीबाब जाळीच्या पलीकडे होते, मी सांगितलं की मला काहीच नको झालंय, उद्याचा दिवसही नको झालाय. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, निराशा हे आशेविरुद्धचं पाप आहे, बाई. तीन रोझारी सांगितल्या. मी तिन्ही म्हटल्या. घरी आले तेव्हा आधीचं ओझं तसंच होतं आणि त्यावर हे पाप.

देव आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही, हे लिहून ठेवते, कारण पुढे सगळा घोळ त्यावरूनच झाला. देव होता. मला पोचत नव्हता, एवढंच.

आमच्या वाडीत ऑक्टोबर महिन्यात साइबीण फिरते. साइबीण म्हणजे मारिया माता, हातभर उंचीची, काचेच्या पेटीतली. एक तारखेला ती वाडीच्या खुरसाजवळच्या, म्हणजे क्रुसाजवळच्या, पहिल्या घरी येते आणि मग रोज एका घरी वस्ती करते. संध्याकाळी वाडीतले सगळे मेणबत्त्या घेऊन तिला पुढच्या घरी पोचवतात, कायतान मेस्त्री व्हायोलिन वाजवत लदीन, म्हणजे साइबिणीची स्तुतिगीतं, म्हणतो, उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले जातात. घरांचा क्रम आमच्या आजेसासूच्या वेळेपासून ठरलेला. माझं घर अकरावं. म्हणजे अकरा ऑक्टोबर.

त्या वर्षी ऑगस्टात मी साइबिणीला एक शब्द दिला. खुरसापुढे बसून म्हटलं, तू माझ्या घरी येशील तोपर्यंत मी राहीन. त्याच्या पुढचं माझ्याकडून मागू नकोस. तुझ्या तोंडावर तुला सांगून मी मोकळी होईन. हे शहाणपणाचं बोलणं नाही, ते मला आज कळतं. पण त्या शब्दावर मी दोन महिने काढले. सकाळी डोळा उघडला की मोजायची, अजून इतके दिवस. मोजण्यापुरती उठायची. उठलेच आहे तर पेज करायची.

हे मी एका माणसाला सांगितलं. रोझाबायला. ती माझ्या केसांच्या जटा सोडवत होती, तिच्या हाताला मासळीचा वास होता, आणि मला वाटलं हिला तरी ठाऊक असावं.

"ती येयसर मी रवतलंय," मी म्हटलं.

"आणि मगे?"

"मगे माझा मी बघतलंय."

तिचा हात थांबला. मग परत फणी चालू झाली. तिने रागावून काही म्हटलं नाही, रडली नाही, शपथ घातली नाही. मला बरं वाटलं होतं. माझं माणूस आहे, वाटलं होतं.

अकरा तारीख आली. त्या आठवड्यात मी जे काम केलं ते वर्षभरात केलं नव्हतं. भिंतींना चुना लावला, जमीन सारवली, भिंतीवरचा खुरीस खाली घेऊन लिंबाच्या पाण्याने पुसला आणि परत जागच्या जागी टांगला. लग्नातली पांढरी चादर साइबिणीसाठी मांडलेल्या आल्तारावर घातली. चणे उकडले. सुगंधा दरवर्षीप्रमाणे साइबिणीसाठी अबोलीचा वळेसर घेऊन आली आणि ओसरीवर बसली, कारण तिला लदीनीतलं व्हायोलिन आवडायचं. मी न्हाऊन, केस बांधून दारात उभी राहिले. दहाव्या घरातून गाणं सुरू झालेलं ऐकू आलं. मेणबत्त्या बांधावरून येताना दिसल्या. व्हायोलिन जवळ आलं.

आणि फणसापाशी ते सगळे वळले. माझ्या अंगणावरून, माझ्या कुंपणाला लागून, ते पास्कू लोबोच्या घरी गेले. बाराव्या घरी. पेटी पास्कूच्या डोक्यावर होती. साइबिणीचं तोंड पुढे होतं, माझ्याकडे तिची पाठ आली. बायकांनी माझ्या दाराकडे बघायचं टाळलं. सर्वांत शेवटी रोझाबाय होती, हातात मेणबत्ती, आणि तिने मात्र माझ्याकडे नीट बघितलं.

सुगंधा म्हणाली, "चुकले आसतीत वहिनी. थांब, मी हाक मारतंय." मी तिला थांबवलं. व्हायोलिन वाजवणारा माणूस चाळीस वर्षांत घर चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कायतान मेस्त्रीकडे गेले. म्हातारा गुळमुळीत बोलायला लागला. मग म्हणाला, "तुझ्या भैणीनच सांगल्यान गो. तू खुरीस भिंतीवरसून काढून टाकलंस म्हणान. तुझो देवावर विश्वास रवाक नाय, साइबिणीचा तू काय करशीत सांगाक येणा नाय म्हणान. आम्ही काय करूचा?"

मी तिथून सरळ रोझाबायच्या घराकडे निघाले. इनासने सोडलं असतं तर मी समजू शकले असते, तो मुळात समुद्राचा. पाद्रीबाबांनी हाकललं असतं तरी समजले असते. पण ही. जिला मी माझं शेवटचं उरलेलं सांगितलं, तिने ते तर फोडलंच नाही, त्याहून वाईट केलं. माझ्यापाशी एकच गोष्ट शाबूत होती, खुरसावरचा माझा विश्वास, आणि तिने नेमका तोच वाडीभर खोटा पाडला.

ती अंगणात बांगडे फाडत बसली होती. मी तिची टोपली लाथेने उलटी केली.

"खोटा कित्याक सांगलंस?"

तिने बांगडे गोळा केले. एकेक झटकून परत टोपलीत टाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू काय म्हटललंस? ती येयसर रवतलंस. येऊक नाय ती. मगे रव आता."

मग मला जे हुंदके आले ते आईच्या वेळीही आले नव्हते. रागाचे. मला कोंडलं होतं. माझ्याच शब्दाची कडी करून बाहेरून घातली होती. साइबिणीला दिलेला शब्द मोडता येत नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"मेस्त्रीक जाऊन सांग, खोटा सांगलंय म्हणान," मी म्हटलं.

"सांगूचंय नाय. सांगलंय काय ती येतली."

पुढचं एक वर्ष मी कसं काढलं ते मी सांगणार नाही. इगर्जीत माझ्या बाकावर कोणी बसेना. मुलं माझ्या दारावरून जाताना खुरसाची खूण करत. मागच्या दारी बसणं होतंच, नारळ तसाच हातात राहायचा, पण आता बसले की रोझाबायचं नाव तोंडात यायचं आणि त्या नावाने मी उठायचे. कधी तिच्या अंगणात भांडायला जायचे. ती म्हणायची, इलीच आसस तर ह्या सुंगट सोल. मी शिव्या देत कोळंबी सोलायची.

अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात पुन्हा साइबीण माझं घर ओलांडून पास्कूकडे गेली. त्या वर्षी मी दारात उभी राहिले नाही. मागोमाग गेले. लदीन चालू असताना पास्कूच्या घरात शिरले, बायका बाजूला झाल्या, आणि मी पेटीपुढे गुडघे टेकले. व्हायोलिन थांबलं. मला रोझाबायला दुखवायचं होतं. माझं जगणं तिच्या गळ्यात बांधायचं होतं, म्हणजे तिला कळेल ओझं म्हणजे काय. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "साइबिणी, मी तुका दिल्लो शब्द बदलतंय. तू येयसर न्हय. ही माझी भैण माझी माफी मागीसर. तिना माफी मागल्यान काय मी मोकळी."

वाडीला वाटलं मी तिला फक्त एका खोट्या चहाडीची माफी मागायला लावते आहे. कायतान मेस्त्री म्हणाला, "रोझा, माग गो माफी, साइबीण बघता हा." त्या घरात मोकळी या शब्दाचा अर्थ फक्त दोघींना ठाऊक होता. मी वळून बघितलं. रोझाबायचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मेणबत्तीचं मेण तिच्या बोटांवर ओघळत होतं.

"मागूची नाय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून वाडी फिरली. साइबिणीपुढे गुडघे टेकणारी बाई देव न मानणारी कशी असेल? पुढच्या वर्षी अकरा तारखेला साइबीण माझ्या घरी आली आणि सुगंधाने दोन वर्षांचे वळेसर एकदम आणले. आणि रोझाबायचं नाव गेलं. सख्ख्या बहिणीवर आळ घेणारी, साइबिणीसमोर ताठ राहणारी. तिच्याकडची मासळी काही घरांनी बंद केली. तिने त्यावर चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

आठ वर्षं असं चाललं. काही महिने चांगले जायचे. काही सकाळी ते परत यायचं. तसं आलं की मी तिच्या अंगणात जाऊन उभी राहायचे आणि म्हणायचे, "माफी माग." ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखायची. "मागूची नाय," म्हणायची आणि पाट सरकवायची.

सहासष्टच्या मे महिन्यात तिच्या पोटात गाठ झाली. पंधरा दिवसांत ती खाटेला चिकटली. पाद्रीबाब नवे होते, सायकलवरून पवित्र तेल घेऊन दुपारी आले. त्यांना वाडीने सगळं सांगितलेलं होतं. ते म्हणाले, "रोझा, देवासमोर जायच्या आधी बहिणीची माफी माग. मन हलकं कर."

अर्धी वाडी दारात उभी होती. मी खाटेच्या पायथ्याशी होते. मला वाटलं, मागेल. मरताना सगळेच मागतात. तिच्या आत्म्याचा प्रश्न होता, आम्हांला लहानपणापासून हेच शिकवलेलं. आणि खरं सांगते, मला तेव्हा तिने मागायला हवी होती आणि नकोही होती.

तिने डोळे उघडून मला शोधलं. त्या सकाळी मी केस विंचरले नव्हते, ते तिने बघितलं.

"मागूची नाय," ती म्हणाली. आवाज उरला नव्हता, पण सगळ्यांना कळलं.

दारातल्या बायकांनी खुरसाची खूण केली. पाद्रीबाबांनी आम्हांला बाहेर काढून दार लोटलं आणि तिचं कुमसार ऐकलं. आत तिने काय सांगितलं ते त्यांना ठाऊक आणि देवाला. ते बाहेर आले, माझ्यापाशी थांबले, त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सायकल काढली.

उद्या ऑक्टोबरची अकरा तारीख आहे. भिंतींना चुना लावून झाला, चणे भिजत घातले आहेत. आज सकाळी ते परत आलं होतं. नारळ हातात घेऊन मी मागच्या दारी बसले, बराच वेळ. मग सवयीने उठून तिच्या अंगणापर्यंत गेले. दाराला कुलूप आहे. मी तिथे उभी राहून म्हटलं, माफी माग.

बाईने मला दोनदा फसवलं. पहिल्यांदा खोटं बोलून, आणि दुसऱ्यांदा माफी न मागता मरून. आता ती माफी कोण मागणार? मी घरी आले आणि नारळ खवला.