न दाबलेली पट्टी

रेंतीने बोटांवर चापट मारली तेव्हा कुठे रुंदूला कळलं, की आपण पुन्हा वाजवत होतो.

"थांबलो, थांबलो," तो कुजबुजला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला.

रेंती काही बोलली नाही. बोलणारही नव्हती. न्येपीच्या दिवशी एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंब न घेता मौन पाळायचं, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. तिने नुसते डोळे वटारले, ओसरीवरच्या लाकडी खाटेकडे बोट दाखवलं, मग आभाळाकडे, मग शेजारच्या भिंतीकडे. छत्तीस वर्षांच्या संसारात रुंदूला एवढं वाचता येत होतं. खाट वाजते आहे, देव ऐकतो आहे, आणि शेजारी तर कान लावूनच बसले आहेत.

वर्षातला हा एक दिवस अख्ख्या बेटावर कुणी चूल पेटवत नाही, दिवा लावत नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. विमानंसुद्धा उतरत नाहीत. रेडिओचं केंद्र बंद, आणि रेंतीच्या घरात पंखाही बंद. पूर्वी रुंदू या दिवसाची वर्षभर वाट बघायचा. आदल्या संध्याकाळी राक्षसांचे बांबूचे पुतळे नाचवत मिरवणूक निघायची, पुढे ढोल बडवून बडवून त्याचे खांदे भरून यायचे, आणि मग ही शांतता अंगावर थंड पाण्यासारखी यायची. पण दोन वर्षांपासून त्याने न्येपीची धास्ती घेतली होती. जग गप्प झालं, की त्याच्या कानात एकच सूर उरायचा.

वाडीच्या वाद्यवृंदातल्या काशाच्या पट्ट्यांवर हातोडीने घाव घालायचा, आणि पुढचा घाव पडता पडता मागची पट्टी चिमटीत धरून बंद करायची, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. न दाबता पुढे गेलं की सूर एकात एक कालवतात. रुंदूच्या डाव्या कानात कुणीतरी सगळ्यात वरची, सगळ्यात लहान पट्टी वाजवली होती आणि दाबायला विसरलं होतं. दोन वर्षं झाली, ती वाजतेच आहे.

"अरे, दाब की लेका!" अंघोळ करताना तो कानातल्या त्या वाजवणाऱ्याला म्हणे. कधी दटावून, कधी अजिजीने. शागीर्द ढ असला तरी आपलाच, असा सूर ठेवून.

उपाय कमी झाले नव्हते. वैद्याने कानात कसलंसं कडू तेल ओतलं, त्याने आवाज तोच राहिला, वर दोन दिवस कानाला मुंग्या लागल्या. मेहुणी म्हणाली, कुणीतरी पूर्वज हाक मारतोय, तुम्ही ओ देत नाही. झालं, रेंतीने घरच्या देवळात रोजच्या फुलांच्या द्रोणाशेजारी एक जादा द्रोण ठेवायला सुरुवात केली, खास कानासाठी. रुंदूने पूर्वजांना हात जोडून विचारलंही, की बोलायचं असेल तर शब्दांत बोला, नुसतं किणकिणू नका. शेवटी देनपासारच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सरळ सांगितलं, "हे जाणार नाही. आहे ते ऐकू येणं सांभाळा. गोंगाटापासून लांब राहा."

"बाई, आमच्या वाडीत गोंगाट मीच करतो," रुंदू म्हणाला. बाई हसल्या, पण कागदावर लिहिलं ते खोडलं नाही.

हे फक्त रेंतीला ठाऊक होतं. "अहो ब्ली, निदान तागेलला तरी सांगा," ती नवऱ्याला किती वेळा म्हणाली असेल. पण तागेललाच तर सांगायचं नव्हतं. त्यांच्या ढोलांची जोडी. रुंदूचा मादी ढोल, खर्जातला, सगळ्यांना वाट दाखवणारा, आणि तागेलचा नर ढोल, वरच्या सुराचा. एकाच्या दोन थापांमधल्या मोकळ्या जागेत दुसऱ्याची थाप बसायची. एकट्या ढोलाला अर्थ नाही, नुसता पायऱ्या गळालेला जिना. अडतीस वर्षं ते दोघं असे एकमेकांच्या फटी भरत आले होते. आपण उठलो की तागेललाही उठावं लागणार, हे रुंदूला कळत होतं.

आणि काल तर त्याने हद्दच केली. चौकात, सगळ्यात मोठा राक्षस गरगरा फिरत असताना, मागच्या झांजा आणि कानातली पट्टी यांचा असा काला झाला, की रुंदूने थांबण्याची खूण एक मात्रा आधीच दिली. देवाची कृपा, म्हणून तागेलही त्याच क्षणी थांबला. लोकांना वाटलं, मुद्दाम केलं. टाळ्या पडल्या. मिरवणूक संपल्यावर रुंदूने आपला ढोल पुसला, वाडीच्या चावडीत नेऊन खुंटीला लावला आणि घरी येऊन रेंतीला म्हणाला, "झालं माझं. न्येपी उलटली की तागेलला सांगतो."

आता न्येपी होती, आणि ती काही लवकर उलटत नव्हती.

दुपारी त्याने कालचा गार भात खोबऱ्याच्या किसाबरोबर खाल्ला. उपाशी बायकोसमोर चावण्याचा आवाजही नको, म्हणून ताटली घेऊन तो मागच्या अंगणात गेला. तिथे डुक्कर घोरत होतं. भिंतीवर कोंबडा खुशाल आरवत होता. या दोघांना कसला नियम नाही आणि मला आहे, याचं रुंदूला हसू आलं. ताटली विसळून तो पाण्याच्या निळ्या पिंपाला टेकून बसला. पिंप अर्धं रिकामं होतं.

कानात पट्टी वाजत होती. तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवून तो काल चुकलेल्या जागेचा विचार करू लागला. इथे चार, मग इथे तीन, मग तागेलचे दोन... किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"रुंदू!"

भिंतीच्या वर तागेलचं डोकं होतं. कुजबुजत ओरडणं हे काम सोपं नाही. तागेलच्या मानेच्या शिरा त्यात तट्ट फुगल्या होत्या. "शुद्ध बिद्ध आहे का? चौकापर्यंत ऐकू येतंय!"

रुंदूने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही पंजे पिंपावर होते, आणि तळवे लाल झाले होते.

तागेल दाराने आत आला. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकटींचं वस्त्र, छातीवर पहारेकऱ्याचा बिल्ला, आणि चेहरा असा, जणू रुंदूला आजच पहिल्यांदा बघतोय. न्येपीला रस्त्यावर फिरायची मुभा फक्त वाडीच्या पहारेकऱ्यांना, आणि तागेल दर वर्षी त्यात नाव द्यायचा.

"पर्यटकाला पकडलं असतं तर समजलो असतो," तो कुजबुजला. "वाडीचा मुख्य ढोलवाला न्येपीला पिंप बडवतो! उद्या सभेत मी काय तोंड दाखवू?"

"पाणी किती आहे ते बघत होतो."

"सोळा मात्रांत?"

एवढ्यात रेंती आली. तिने तागेलला हात जोडले आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की डुकरानेही घोरणं थांबवलं. मग ती तागेलकडे वळली, आणि तिने आपल्या डाव्या कानावर बोट ठेवलं.

"रेंती, नको," रुंदू म्हणाला.

रेंतीने कानाजवळ बोटं थरथरवली. मग रुंदूकडे बोट केलं.

"ह्याच्या कानात किडा गेलाय?" तागेलने विचारलं.

रेंतीने मान हलवली. बोटं पुन्हा थरथरवली, जास्त वेळ. मग दोन बोटं वर केली.

"दोन किडे?"

रेंतीने कपाळावर हात मारून घेतला, पण आवाज न करता. ती पिंपाकडे गेली, हवेतच ढोल वाजवला, तो गळ्यातून काढल्यासारखा केला, उंच खुंटीला लावला, आणि हात झटकून रिकामे तळवे तागेलला दाखवले. शब्द एकही नाही. व्रताला कुठे ओरखडा नाही. दोन वर्षं पोटात ठेवलेलं तिने चार खुणांत उघड्यावर मांडलं होतं.

तागेलच्या चेहऱ्यावरचा पहारेकरी हळूहळू उतरला.

"वाजतं कानात?" त्याने विचारलं.

"हं."

"दोन वर्षं?"

"हं."

"आणि ढोल टांगून आलास. मला न विचारता."

"उद्या सांगणार होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"गोंगाटापासून लांब राहा," तागेलने वाक्य पुरं केलं. "काचेच्या खोलीत बसवतात आणि बटण दाबायला देतात. तीच ना?"

रुंदू त्याच्याकडे बघतच राहिला.

"सात वर्षं," तागेल म्हणाला, आणि पिंपाच्या दुसऱ्या बाजूला उकिडवा बसला. "माझ्या उजव्या कानात. तुला काय वाटलं, हे चौकटींचं फडकं गुंडाळून मी उन्हात हौसेने फिरतो? न्येपीला घरात बसलो ना रुंदू, तर भिंती चढतो मी. रस्त्यावर निदान पायाखाली खडी वाजते."

"सात वर्षं! आणि बोलला नाहीस?"

"तू बोललास?"

रेंती मध्ये उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. जगातली सगळी बोलणी तिच्या ओठांशी येऊन थांबली होती.

"पण मग तू वाजवतोस कसा?" रुंदूने विचारलं. "झांजांच्या पुढे तर मला माझाच ढोल ऐकू येत नाही."

"मलाही येत नाही. मी कानात मेणाचे बोळे घालतो, वरून फेटा खाली ओढतो. मला काहीच ऐकू येत नाही."

"मग?"

"तुझा उजवा खांदा बघतो. थांबायच्या आधी तू तो उचलतोस. वेग वाढवायचा असला की मान डावीकडे जाते. सात वर्षं मी तुझा खांदा वाजवतोय."

"म्हणजे काल चौकात..."

"तू चुकलास, म्हणून मी चुकलो. अगदी तुझ्याएवढाच. लोक म्हणाले, नवी चाल बसवली, छान झाली. पुढच्या वर्षी तीच ठेवा म्हणतायत."

रुंदूला हसू फुटलं. ते दाबायला त्याने खांद्यावरचं फडकं तोंडात कोंबलं. तागेलने त्याच फडक्याचं दुसरं टोक ओढून आपल्या तोंडावर धरलं. वाडीचे दोन ढोलवाले, साठी उलटलेले, डुकराच्या खोपटाशेजारी एका फडक्यात तोंड खुपसून गदगदत होते.

"कुठला सूर आहे तुझा?" जरा वेळाने तागेलने विचारलं.

"सगळ्यात वरची पट्टी."

"माझीपण. म्हणून दाखव. हळू."

"न्येपी आहे."

"पहारेकरी मी आहे. म्हण."

रुंदूने ओठ मिटून, डासाच्या पंखाएवढ्या आवाजात तो सूर धरला. दोन सप्तकं खाली, त्याच्या गळ्याला झेपेल तिथे. तागेलने आपला धरला. तो केसभर खाली होता. आपल्याकडे काशाची वाद्यं जोडीने घडवतात, आणि कारागीर एकाचा सूर मुद्दाम जरासा चढा ठेवतो, तेवढाच फरक. दोघांचे सूर एकमेकांना लागले, आणि हवेत ती बारीक लाट उठली, जिच्याशिवाय वाद्य मेलेलं समजतात.

दोघंही एकदम थांबले. रेंतीचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते कळेना. आवाज तर कशालाच नव्हता.

"कारागीर चांगला आहे म्हणायचा," तागेल म्हणाला.

मग तो उठला आणि त्याने वस्त्र झटकलं. "मिरवणुकीचा ढोल टांगलास, त्याबद्दल मी भांडणार नाही. डॉक्टरीणबाई शहाणी आहे. उद्या रीतीप्रमाणे सगळ्यांच्या दारी माफी मागायला जायचंच आहे, तेव्हा आधी माझ्याकडे ये. माझा ढोलही मी तुझ्याशेजारी टांगतो. चाळीस वर्षं होऊ द्यायची होती मला. नाही तर नाही. आता नवीन जोडी राक्षस नाचवू दे."

रुंदूने मान डोलावली.

"पण देवळाच्या अंगणात मागे झांजा उभ्या नसतात," तागेल पुढे म्हणाला. "तिथे तू बसायचंस. मेणाचे बोळे मी देतो, माझ्याकडे डबाभर आहेत. फक्त मला दिसेल असा बस."

"आणि मी कुणाकडे बघू?"

तागेलने विचार केला. "तू चूक निर्धास्त. मी आहे बरोबर."

रस्त्याच्या टोकाला दुसऱ्या पहारेकऱ्याने हात हलवला. तागेलने चेहरा पुन्हा कडक केला, पिंपावर एक बोट रोखून रुंदूला दम भरला, रेंतीला वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडला. रुंदू त्याच्या मागे दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याच्या आत थांबला. खडीवर पावलं वाजत होती. ती लहान होत गेली, आणि मग कानातल्या सुरात मिसळली. तागेल वळणापलीकडे गेला, की अजून चालतोच आहे, हे रुंदूला सांगता आलं नसतं.

तो ओसरीवर परत आला. रेंती देवळाकडे तोंड करून ताठ बसली होती. ओठ सुकले होते, डोळे मिटलेले, आणि कपाळावरची आठी कधीच निघून गेली होती. वारा पडला होता. कोंबडाही दमला असावा. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

रुंदू खाटेवर चढला नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसला, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या चेहऱ्यावरची ती शांतता बघत राहिला.