बसायला कोणी आलं नाही

उजवीकडून चालव, जानराव, उजवीकडून! त्या रविवारी हे वाक्य मी स्वतःला शंभर वेळा तरी सुनावलं असेल. सवयीने गाडी डावीकडे सरकायची आणि समोरून येणारा ग्रीक भोंगा वाजवत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्याची भाषा मला येत नव्हती, पण शिव्या समजायला भाषा लागत नाही.

मी वऱ्हाडातल्या मेडशीचा. कापसाच्या खात्यात नोकरीला. सत्तावन्न साली सरकारने मला चार महिन्यांच्या शिक्षणासाठी ग्रीसला धाडलं. ग्रीसमध्ये कापूस पिकतो हे मला स्वतःला हुकूम हातात पडल्यावर कळलं. माझ्या मायला तर हा देश अकोल्याच्या पलीकडे कुठेतरी असावा असं वाटत होतं. निघताना ती सारखी डोळे पुसत होती. मी खेकसलो, "काहून रडून राह्यली? चार महिन्यात तं येतो मी! तुले काही समजते का?" तिने लगेच पदर खाली घेतला. हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

तिसऱ्या महिन्यात थोरल्या भावाचं, नानाजीचं पत्र आलं. माय गेली. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. तेरवीही झाली. 'तार केली असती तर तुले तिथं काय करता आलं असतं? सरकारचं काम सोडून येऊ नको,' असं खाली लिहिलं होतं. नानाजी बरोबर बोलतो तेव्हाच त्याचा जास्त राग येतो. मी ते पत्र चुरगाळलं, मग पुन्हा सरळ करून उशीखाली ठेवलं.

आमच्याकडे मयत झालं की लोक घरी बसायला येतात. काही मोठं बोलत नाहीत. ओसरीवर टेकतात आणि विचारतात, "कसं झालं?" मग घरच्याने पहिल्यापासून सगळं सांगायचं. दुसरा येतो, त्याला पुन्हा सांगायचं. दहादा, वीसदा. सांगता सांगता आपलं माणूस गेलं हे आपल्यालाही पटत जातं. माझ्याकडे बसायला कोणी आलं नाही. मी आमच्या तिथल्या साहेबाला इंग्रजीत सांगितलं. त्याने खांद्यावर हात ठेवला, 'सॉरी' म्हणाला आणि बोंडअळीकडे वळला. माणूस वाईट नव्हता. पण इंग्रजीत माझी माय मेलीच नाही. खोटं कशाला सांगू, वीस दिवसांत डोळ्यात टिपूस आलं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली होती.

अशात कचेरीतल्या कारकुनाने बातमी आणली. डोंगरापलीकडच्या बंदरात मुंबईची बोट लागली आहे, रविवारी पाचला सुटणार. मी उडालोच. मुंबईची बोट म्हणजे खलाशांत रत्नागिरीकडचा एखादा तरी असणारच. माझं वऱ्हाडी ऐकून तो हसेल, हसू दे बापडा. त्याला म्हणायचं, बाबा, घटकाभर माझ्याजवळ बस आणि विचार, कसं झालं. एवढ्यासाठी मी गावातल्या एका गॅरेजवाल्याकडून भाड्याने गाडी घेतली. खात्याच्या जीपवर गाडी शिकलेलो, तेही आमच्या सपाट मुलखात.

आणि तिथले घाट! एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली, फार खाली, समुद्र. आमच्या पातूरच्या घाटाला मी उगाच इतकी वर्षं घाट म्हणत आलो. मी चाक दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. तेवढ्यात पहिल्या मोठ्या वळणावर एक देव दिसला. लोखंडी खांबावर छोट्या देवळासारखी पेटी, काचेचं दार, आत काजळलेली तसबीर आणि तेलाचा दिवा. मला हायसं वाटलं. आमच्याकडेही घाटाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला देव असतो आणि मोटरवाला कितीही घाईत असला तरी त्याला हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. मी थांबलो. खिशात खानावळीतले साखरेचे खडे होते, त्यातला एक पेटीत ठेवला. म्हटलं, "देवा, मले बोट गाठून दे."

पुढच्या वळणावर दुसरा देव. मग तिसरा. आमच्या घाटाला एक देव पुरतो, इथं वळणावळणाला! किती देवभोळा मुलूख, असं म्हणून मला कौतुकच वाटलं. पण एकाला नैवेद्य दाखवून दुसऱ्याला कसं टाळायचं? सहा ठिकाणी थांबलो, सहा ठिकाणी हात जोडले. अगदी माथ्यावर सातवी पेटी लागली तेव्हा तीन वाजत आले होते. बंदर तासाभरावर होतं.

साखर ठेवून मागे वळलो, तर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी तेलाची बाटली घेऊन उभी. मला वाटलं पुजारीण. ती पेटीपाशी आली, साखरेकडे बघतच राहिली, मग माझ्याकडे. तिने दिवा जरा बाजूला सारला आणि आतला फोटो मला दाखवला. एक तरणाताठा पोरगा लॉरीला टेकून हसत होता. बोटांत सिगारेट. देव काही सिगारेट ओढत नाही.

तिने दोन्ही हातांनी हवेत चाक धरलं, ते वळवलं आणि मग हात एकदम खाली दरीकडे सोडून दिले. म्हणजे खालचे सहाही देव नव्हते. सहा घरांची मेलेली माणसं होती आणि मी त्यांच्याकडे बोट मागत आलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारीला मात्र वेगळंच वाटलं असावं. तिच्या पोराच्या नावाने थांबून साखर ठेवणारा परका माणूस त्याच्या ओळखीचाच असणार! तिने माझं मनगट धरलं, मला रस्त्याच्या कठड्यावर बसवलं आणि बोलू लागली. सकाळी तो काय खाऊन निघाला, ती काय म्हणाली, तो कसा हसला, असंच काहीतरी असेल. मला एक शब्द कळत नव्हता, पण हकीकत कळत होती. साडेतीन झाले. उठलो असतो तर बोट मिळाली असती. पण मयताची हकीकत चालू असताना बसायला आलेल्याने मधेच उठायचं नसतं, हे मला मायनेच शिकवलेलं. मला तिचाही राग आला, माझाही आला. पण मी उठलो नाही.

चार वाजून गेले तेव्हा तिचं बोलणं संपलं. तिने डोळे पुसले आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. काहीतरी विचारलं. पुन्हा तेच विचारलं, हळू आवाजात.

"माही माय मेली, बाई," मी म्हणालो.

ती हलली नाही. ऐकत राहिली.

"चतुराबाई नाव तिचं. ताप आला, चार दिवसात गेली. मले कोणी सांगतलंच नाही. तेरवी झाल्यावर पत्र आलं. निघताना रडून राह्यली होती तं मी तिच्या अंगावर ओरडलो. तुले काही समजते का म्हणलं मी तिले! असं बोलते का कोणी आपल्या मायले? तिले सगळं समजत होतं. मलेच नाही समजलं."

मी सांगत गेलो. ती कापूस कशी वेचायची, भाकरीचा पापुद्रा माझ्यासाठी कसा काढून ठेवायची, सगळं. म्हातारी मधून मधून मान हलवत होती, तिच्या पोराचंच सांगतो आहे असं समजून की काय, देव जाणे. मी तिला तसं समजू दिलं. खालून भोंगा ऐकू आला. बोट बंदरातून बाहेर पडत होती, नखाएवढी. मी सांगायचा थांबलो नाही.

सांगून झालं. आमच्याकडे बसायला आलेलं माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही. मयताच्या घरून तसं म्हणून निघायचं नसतं, मुकाट्याने उठून जायचं असतं. म्हातारी उठली. तिने बाटली उचलली आणि एक शब्द न बोलता, मागे वळून न बघता, पायवाटेने वर निघून गेली. त्यांच्याकडेही तशीच रीत असेल, नाही तर तिला काही सुचलं नसेल. ती दिसेनाशी झाली, आणि तेव्हा कुठे मला पटलं की मेडशीच्या घरात आता माय नाही. त्या परक्या घाटात एकट्याने बसून मी ओक्साबोक्शी रडलो.